सासूबाईंच्या कोंबड्या

पूर्व उपनगरातल्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

जुन्या चार मजली सोसायटीत तळमजल्यावर त्यांचं घर आहे. मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत दहा-बारा फुटांची मोकळी पट्टी. घरात यजमान, चौथीतला मुलगा आणि दिवाळीपासून कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई. सासरे गेले, संगमेश्वरकडचं घर बंद झालं, आणि गावी दिवसभर पायाला भिंगरी लागलेल्या सासूबाई इथे टीव्हीसमोर गप्प बसून राहू लागल्या. जानेवारीत मुलाने शाळेबाहेरून वीस-वीस रुपयांना दोन पिल्लं आणली, एक गुलाबी, एक हिरवं. हिरवं चौथ्या दिवशी मेलं. गुलाबी जगलं, कारण सासूबाईंनी ते खोक्यात बल्बखाली ठेवलं, कणी भरवली, रात्री उठून उठून पाहिलं. आता ते पांढरंशुभ्र आणि उंच झालंय, मागच्या पट्टीत फिरतं. सासूबाई बोलू लागल्या आहेत. "अजून चार आणूया, पोराला घरची अंडी मिळतील," असं म्हणताहेत. यजमानांना वास, उंदीर आणि सोसायटी यांची धास्ती. सेक्रेटरींनी जाता जाता "हे काय चाललंय?" असं एकदा विचारलंच.

मैत्रीण लिहिते: "कोंबड्या पाळायला सुरुवात करावी की नाही, हेच ठरत नाही. सगळं शेवटी माझ्या अंगावर पडणार. पण नाही म्हटलं तर आई पुन्हा गप्प होतील. त्यांना विरंगुळा होईल, अंड्यांचा खर्च वाचेल, मुलाला जबाबदारी कळेल, जागा तर आमच्या दारामागचीच आहे, मग हरकत काय, असंही वाटतं. आणि एक विचारायचं राहिलं. गेल्या आठवड्यात त्या पिल्लाने पहाटे घशातून विचित्र आवाज काढला. आजारी असेल का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याच्या उत्तराने बाकीचे बरेच प्रश्न बदलतात. ते पिल्लू आजारी नाही. ते आरवायला शिकतंय. तुमच्या घरी कोंबडी नाही, कोंबडा वाढतोय.

सासूबाईंना हे केव्हाच कळलं असणार. सहाव्या-आठव्या आठवड्यात तुरा लालभडक आणि मोठा झाला, पाय जाड झाले, पुढे मानेवरची पिसं टोकदार निघू लागली, की गावच्या बाईच्या नजरेतून ते सुटत नाही. त्या बोलल्या नाहीत, कारण नातवाचा आनंद त्यांना मोडवेना, असं मला वाटतं. "अजून चार आणूया" यामागेही कदाचित तेच असेल. याच्याकडून अंडी मिळायची नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे.

रंगीत पिल्लांबद्दल थोडं सांगते, कारण अशी पत्रं मला नेहमी येतात. रंगवून विकलेली पिल्लं बहुतेक नरच असतात. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीतला नर उबवणी केंद्राच्या काही कामाचा नसतो. तो अंडी देत नाही आणि मांसाच्या जातीसारखा दीड महिन्यात भरतही नाही. म्हणून पिल्लं बाहेर आली की पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे काढतात. माद्या पोल्ट्रीवाल्यांकडे जातात, नर बहुतेक त्याच दिवशी मारले जातात, आणि त्यातले काही रंगात बुडवून शाळांच्या नि बाजारांच्या दारांत येतात. रंग पहिल्या लवेला लागलेला असतो. खरी पिसं आली की तो जातो, तसं तुमचं गुलाबी पांढरं झालं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते, ती रस्त्यावरच्या टोपलीत कुठून मिळणार? हिरवं पिल्लू तुमच्या मुलाच्या हातून मेलं नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. मुलं असली ओझी न बोलता बाळगतात. आणि त्याच बैठकीत हेही सांगा की तिथून पुन्हा पिल्लं आणायची नाहीत. आपण घेतो म्हणून ती टोपली पुन्हा भरते.

आता "सुरुवात करावी का?" याबद्दल. सुरुवात तर जानेवारीतच झाली.

कोंबड्या पाळणारी घरं मी लहानपणापासून पाहत आले. हिशेब मांडून, जागा मोजून सुरुवात केलेली त्यात फार थोडी. कुणाचा शेजारी मे महिन्यात गावी जाताना "आठ दिवस सांभाळा" म्हणून दोन कोंबड्या ठेवून गेला आणि आल्यावर न्यायलाच आला नाही. कुणाच्या घरी देवाला बोललेला कोंबडा वेळेत गावी पोचला नाही आणि घरचाच होऊन बसला. २०२० च्या टाळेबंदीत वसई-उत्तनकडच्या माझ्या ओळखीच्या दोन घरांत खुराडी झाली, ती हातांना काहीतरी काम हवं म्हणून. फार जुनी गोष्टही अशीच दिसते. माणसाळलेल्या कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीचे अवशेष थायलंडमधल्या एका भात पिकवणाऱ्या वस्तीतले, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. भात पिकू लागला, दाणे सांडू लागले, आणि रानकोंबडी त्या दाण्यांमागे माणसांजवळ आली, असं ते संशोधक मांडतात. तुमच्या कोंबड्याचे पाय पिवळे असतील तर तो पिवळा रंग आपल्याकडच्या राखाडी रानकोंबड्याकडून आलेला आहे. जनुकांच्या अभ्यासातून २००८ मध्ये हे कळलं. तो रानकोंबडा सह्याद्रीत आजही पहाटे ओरडतो. सासूबाईंना विचारा, त्यांनी नक्की ऐकला असेल.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की न ठरवता हे घडलं म्हणून स्वतःला किंवा मुलाला बोल लावू नका. कोंबडी घरात अशीच येते. ती ठेवायची का, कुणी ठेवायची, हे मात्र बसून ठरवावं लागतं, आणि तुमच्या घरात ते अजून कुणी ठरवलेलं नाही. सासूबाई म्हणताहेत, मुलगा नाचतोय, यजमान घाबरताहेत आणि तुम्ही मधे उभ्या आहात.

तुमच्या पत्रात चार गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. अंड्यांची गोष्ट लवकर संपवते. एक कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. चार कोंबड्यांना महिन्याला तेरा-चौदा किलो खाद्य लागेल. किलोला ४० रुपये धरले तर साडेपाचशे रुपये झाले. घरची कणी, भाजीचे देठ, उरलेली भाकरी यांनी त्यात थोडी बचत होईल. सासूबाईंच्या ओळखीची गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि मधे खुडूक होऊन (अंडी थांबवून उबवायला) बसते, म्हणजे चौघींची मिळून महिन्याला वीस-पंचवीस. ग्रामप्रिया, कावेरी, ऱ्होड आयलंड रेड अशा जाती वर्षाला दीडशे-दोनशेपर्यंत जातात. तेवढी अंडी दुकानातून आणलीत तरी जवळपास तेवढ्यातच येतील, आणि खुराड्याचा खर्च मी धरलेलाच नाही. शिवाय पहिलं अंडं पाच-सहा महिन्यांची झाल्यावर, पिसं गाळताना अंडी बंद, दिवस लहान झाले की कमी. घरच्या अंड्याची गोडी वेगळी, हे मान्य. पण पैसे वाचतील म्हणून कोंबड्या आणू नका. तीन महिन्यांनी तुम्ही वहीत हिशेब मांडाल आणि चिडाल.

मुलाच्या जबाबदारीबद्दलही फार आशा धरू नका. नऊ वर्षांचं मूल पाणी बदलेल, अंडी गोळा करेल, मित्रांना दाखवायला आणेल. पण परीक्षा, ताप, क्रिकेट यांतून कोंबडीचं पोट त्याच्या भरवशावर ठेवता येत नाही. त्याला एकच काम नेमून द्या आणि ते मोठ्यांच्या देखरेखीत होऊ द्या. कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, तिला तोंडाशी धरायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून. कोंबड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलाचा संसर्ग होतो आणि मुलांना तो लवकर होतो.

आता ज्यासाठी हे पत्र मी निवडलं, तिकडे येते.

तुम्ही लिहिलंत, "त्यांना विरंगुळा होईल." हा शब्द माझ्या मनात अडकून बसला. कोकणातल्या घरात कोंबड्या हा बाईचा विरंगुळा कधीच नव्हता. जमीन पुरुषांच्या नावावर, भाताचा हिशेब पुरुषांकडे, बैल पुरुषांचे. कोंबड्या बाईच्या. कुठली अंड्यांवर बसवायची, कुठली विकायची, पाहुणा आला तर कुठली कापायची, राखणदार देवाच्या राखणीला कुठला कोंबडा ठेवायचा, हे ती ठरवायची. अंड्यांचे पैसे तिच्या हातात यायचे आणि त्यांचा हिशेब तिला बहुधा कुणी विचारत नसे.

माझी आत्या जोगेश्वरीला बैठ्या चाळीत राहायची. मागच्या गल्लीत तिचं खुराडं, आणि फळीवर पावडरचा एक डबा. अंड्यांचे पैसे त्यात. माझी पहिली कंपासपेटी त्या डब्यातून आली. काकांचा पगार घराचा होता, डबा तिचा होता. पुढे चाळ पाडली, तिथेच सातव्या मजल्यावर घर मिळालं, चांगलं उजेडाचं. त्या घरात पहिलं वर्षभर आत्या रोज पहाटे साडेपाचला उठून स्वयंपाकघरात नुसती उभी राहायची. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी झोप येत नसेल. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की खुराडं उघडायची ती वेळ होती.

तुमच्या सासूबाईंच्या हातून एका वर्षात काय काय गेलं, ते एकदा मोजून पाहा. नवरा गेला, घर गेलं, परसू गेलं, रोजची बोलायची शेजारीण गेली, स्वतःच्या हातचे चार पैसे गेले. इथे स्वयंपाकघर तुमचं आहे, आणि ते तुमचंच असायला हवं. आपण त्यांना प्रेमाने म्हणतो, "तुम्ही आता आराम करा." त्या वाक्यात त्यांच्यासाठी काहीच काम उरत नाही. मग एक मरतुकडं पिल्लू घरात येतं, आणि ते कसं जगवायचं हे घरात फक्त त्यांनाच येतं. त्या बोलू लागल्या यात मला काहीच नवल वाटत नाही. त्या कोंबड्या मागतात तेव्हा त्या असं काहीतरी मागताहेत जिथे त्यांना कुणाला विचारावं लागणार नाही, असं मला वाटतं.

माझं चुकतही असेल. म्हणून त्यांनाच विचारा. "कोंबड्या हव्यात का?" असं विचारलंत तर "तुम्हाला नको असतील तर राहू दे" असं उत्तर येईल. त्याऐवजी दुपारी शेजारी बसा आणि विचारा, गावी किती होत्या, डालग्याखाली किती झाकायचात, कोंबड्यांत मानमोडीची साथ आली त्या साली काय केलंत, अंडी कुणाला विकायचात. बोलता बोलता कळेल त्यांना खरं काय हवंय. कदाचित त्यांना मागच्या पट्टीत अळू आणि मिरच्या लावायच्या असतील. कदाचित दर मे महिन्यात घर उघडायला जायचं असेल. तसं निघालं तर कोंबड्यांचा प्रश्न आपोआप लहान होईल.

पण त्यांना कोंबड्याच हव्या असतील, तर त्या सासूबाईंच्या असायला हव्यात. नावापुरत्या नाहीत, खरोखर. किती, कुठली जात, खाद्य काय, अंड्यांचं काय करायचं, हे त्यांनी ठरवायचं. वरच्या मजल्यावरच्या कुणाला त्यांनी चार अंडी दिली आणि पैसे घेतले, तर ते पैसे त्यांचे.

आणि "सगळं माझ्या अंगावर पडेल" ही तुमची भीती खोटी नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतील, त्या गणपतीला महिनाभर गावी जातील, तेव्हा खुराडं कोण उघडणार? बहुतेक घरांत याचं उत्तर न बोलताच ठरतं, आणि ते सून असं असतं. म्हणून कोंबड्या येण्याआधी यजमानांच्या वाट्याला एक काम ठरवा: दर रविवारी खुराड्यातली गादी (खाली पसरलेला तुसाचा किंवा भुशाचा थर) काढून नवीन घालणं, आणि आई नसताना सकाळ-संध्याकाळचं सगळं. ती त्यांची आई आहे. हे काम ते घ्यायला तयार नसतील तर माझं तुम्हाला सरळ सांगणं आहे, कोंबड्या आणू नका. मनात राग धरून केलेली सेवा सासूबाईंना दुसऱ्याच दिवशी कळेल.

चौथं गृहीत, जागेचं. दार तुमचं असलं तरी ती पट्टी सोसायटीची आहे, सगळ्यांची. तळमजल्यावरच्या फार लोकांचा हा गैरसमज असतो. पाळीव कुत्र्यांना सोसायटी बंदी घालू शकत नाही, हे ऐकून काही जण तोच आधार कोंबड्यांना लावायला जातात. त्याच्यावर विसंबू नका. कमिटीला लेखी पत्र द्या: किती कोंबड्या, कोंबडा नाही, खुराडं कुठे, सफाई कोण करणार, तक्रार आली तर किती दिवसांत हटवू. लेखी परवानगी मिळाली तरच पुढे जा, आणि वॉर्ड ऑफिसातल्या आरोग्य खात्यात पालिकेचा नियम काय लागू होतो तेही विचारून घ्या. सेक्रेटरी बोलले ते वाईट वाटून घेऊ नका. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढं रान उठलं, आपण पाहिलं. पक्ष्यांची विष्ठा आणि छातीचे आजार यांची भीती आता घराघरांत आहे, आणि वर राहणाऱ्या कुणाला दमा असेल तर त्या माणसाचा "नाही" हा शेवटचा शब्द माना. लपूनछपून चालू ठेवण्याचा विचार तर करूच नका. कोंबडं झाकून ठेवणाऱ्यांची म्हण आपल्याला कुणी शिकवायला नको.

होकार मिळाला, तरी घाई नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईल आणि मुंबईत नवीन कोंबड्यांसाठी त्याच्याइतकी वाईट वेळ नाही. गादी ओली झाली की अमोनियाचा वास सुटतो आणि रक्ती हगवण लागते. लोक म्हणतात कोंबड्यांना वास येतो. वास ओलीला येतो. कोरडं ठेवलेलं खुराडं चार फुटांवरून कळत नाही. म्हणून पावसाळाभर फक्त जागा पाहा. पाणी कुठे साचतं, वरच्या पागोळ्या कुठे पडतात, ऊन कुठे येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यांत काय झालं ते तुमच्या इमारतीतल्या जुन्या माणसांना विचारा, आणि खुराड्याचे पाय त्याप्रमाणे उंच करा. निदान अडीच फूट. दसऱ्यानंतर कोंबड्या आणा.

चार नको, तीन आणा. एक कधीच आणू नका, कोंबडी एकटी झुरते. पिल्लं वाढवण्यापेक्षा चार महिन्यांच्या, लसी झालेल्या तलंगा (अजून अंडी घालू न लागलेल्या तरुण कोंबड्या) घ्या. राणीखेतची म्हणजे मानमोडीची लस आणि कोंबड्यांच्या देवी रोगाची लस झाली आहे का, कधी झाली, हे विचारून लिहून घ्या. गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, तिथे पक्षी किंवा प्रशिक्षण मिळतंय का याची आधी चौकशी करा. आजारी पडली तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं. तिथलं बैलघोडा हॉस्पिटल टॅक्सीवाल्यालाही ठाऊक असतं.

खुराड्यात प्रत्येकीला झोपायला चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला आठ-दहा चौरस फूट जाळीबंद जागा हवी. बसायला दोन फुटांवर आडवी काठी, अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदीची एक पेटी तिघींना पुरते. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं जाड, वरचेवर उकरून हलवायचा. अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा. सासूबाईंना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त येतं. एकाच गोष्टीत गावचा अनुभव कमी पडेल. गावी शत्रू मुंगूस आणि कोल्हा, इथे घूस. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी घूस दातांनी तोडते. अर्ध्या इंचाच्या भोकांची, वेल्ड केलेली जाड जाळी घ्या आणि फिरायच्या जागेभोवती ती फूटभर जमिनीत गाडा. रात्री दाणा उचलून घट्ट झाकणाच्या डब्यात, सांडलेला झाडून घ्यायचा. उंदीर वाढले तर त्यांच्या मुतातून पावसाच्या पाण्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संसर्ग पसरतो, आणि मग यजमानांची धास्ती खरी ठरेल. विष्ठा रोज खरवडून सुक्या पानांत मिसळून वेगळ्या पिंपात कुजवा. ताजी कुंडीत घातलीत तर झाड जळेल.

मे महिन्याच्या दमट उकाड्यात कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. सावली आणि दिवसातून तीनदा गार पाणी एवढं पुरे. पण एखाद्या दिवशी अचानक दोन मेलेल्या दिसल्या तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या पोल्ट्रींबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. परसातली कोंबडी त्यातून वगळत नाहीत.

आणखी एक बोलणं आधीच व्हायला हवं. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात, कोंबडी मात्र पाच-सात वर्षं जगते. मग काय? सासूबाईंच्या घरी याचं उत्तर कधी अवघड नव्हतं, कोंबडी-वड्यांचा बेत व्हायचा. तुमचा मुलगा तोवर बारा वर्षांचा असेल आणि तिला नावाने हाक मारत असेल. यात बरोबर-चूक मी सांगणार नाही. पण आजी आणि नातू या दोघांनी याचं उत्तर आजच एकमेकांच्या तोंडून ऐकलेलं असू दे. नंतर ऐकलं तर दोघांपैकी एकाचा विश्वास तुटेल.

आणि आत्ताचा हा पांढरा कोंबडा. तो इमारतीत ठेवता येणार नाही. महिन्याभरात तो पहाटे चारला मोकळ्या गळ्याने आरवेल. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि कोंबडा कुणाचं ऐकत नाही. अंड्यांसाठी त्याची गरजही नाही, कोंबड्या कोंबड्याशिवाय अंडी देतात, फक्त त्यातून पिल्लं होत नाहीत. त्याला आरेच्या झाडीत किंवा देवळामागे सोडून येऊ नका. असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, आणि बल्बखाली वाढलेलं ते जनावर तिथे दोन रात्रीही काढणार नाही. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत असं घर शोधा, उत्तन-गोराईकडे किंवा सासूबाईंच्या वाडीत. मे महिन्यात गावी गाडीने जाणार असाल तर हवेशीर डालग्यात नेता येईल.

तो तिथे किती दिवस राहील, हे तुम्हाला सांगता येणार नाही. तो मुंगसाच्या तोंडी जाऊ शकतो, एखाद्या सणाला त्याची पाळी येऊ शकते. मुलाला "तो शेतावर मजेत राहील" असं सांगू नका. त्याला सांगा की आपण त्याला चार महिने नीट वाढवलं, आता तो दुसऱ्या घरचा होणार, आणि ते घर त्यांच्या रीतीने त्याला ठेवेल. तो रडेल. विचारेल, मारतील का? तेव्हा "माहीत नाही, मारतीलही" एवढं खरं बोलायची तयारी ठेवा. आणि हे बोलताना तुम्ही एकट्या बसू नका, आजीला शेजारी बसवा. तिने आयुष्यात असे किती कोंबडे हाताने वाढवले आणि हाताने दिले आहेत. तिला काय बोलायचं ते सुचेल, आणि ती बोलत असताना तुम्ही आत जाऊन चहा ठेवलात तरी चालेल.